भुश्शाला जैवभार म्हटलं तेव्हा

कारखान्यात मला नोकरी लागली ती इंग्रजीमुळं. बी.ए.ला इंग्रजी विषय होता, टायपिंगच्या परीक्षा झाल्या होत्या, आणि कॉम्प्युटर शिकलेल्या सुना आमच्या गावात तेव्हा दोनच होत्या. दुसरी बाळंतपणाला माहेरी गेली होती. नवऱ्याचं पेठेत किराणा दुकान. घरात आम्ही दोघं आणि त्याची आई. त्यांना मी आत्या म्हणायचे. आमच्याकडं सासूला तसंच म्हणतात.

शतक नुकतंच बदललं होतं. बीडच्या रस्त्यावर मोबाईलच्या जाहिराती लागल्या होत्या, दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लोंबायला लागल्या होत्या, आणि साखर कारखान्याच्या कार्यालयात पहिला कॉम्प्युटर आला होता. त्याला प्लास्टिकचं झाकण घालून खोलीला कुलूप लावायचं काम अधीक्षक साहेब दुसऱ्या कुणालाही देत नसत.

कारखाना गावाच्या उशाशीच. ऊस गाळल्यावर जो चोथा उरतो त्याला कारखान्यातले लोक बगॅस म्हणत, आम्ही भुस्सा. त्यातला बराचसा बॉयलरमध्ये जायचा, तरी मागच्या फाटकाशी त्याचा डोंगर उरायचाच. हंगाम सुरू झाला की आळीतल्या बाया गोणपाटाची पोती घेऊन निघायच्या. फाटकावरचा वॉचमन आमच्याच आळीतला. पोत्यामागं नावाला काही घ्यायचा, ओळखीच्या बाईकडून तेही नाही. पावसाळ्याआधी प्रत्येक घराच्या पडवीत भुश्शाची थप्पी लागलेली असायची.

तो जाळायची शेगडी आत्या स्वतः भरायच्या. पत्र्याचा डबा, खाली एका अंगाला भोक. डब्यात मधोमध काचेची बाटली उभी करायची, भोवतीनं भुस्सा घालून मुठीनं ठासायचा, वर आणखी घालायचा, पुन्हा ठासायचा. मग बाटली हलक्या हातानं फिरवत वर ओढून घ्यायची. मध्ये विहिरीसारखी पोकळी राहायची. खालच्या भोकातून पेटती काडी सरकवली की आधी दहा मिनिटं डोळे चुरचुरवणारा धूर, आणि मग दुपारपर्यंत एकसारखा, संथ जाळ. मी भरलेली शेगडी हमखास मध्येच ढासळायची. आत्या म्हणायच्या, "तू कागदं भर. ही म्या भरते."

त्या संथ जाळावर त्यांच्या कडक भाकरी व्हायच्या. ज्वारीच्या, पापडासारख्या पातळ, तव्यावरून काढून शेगडीच्या कडेला उभ्या लावून वाळवलेल्या. महिनाभर टिकायच्या. कार्तिकात कपिलधारच्या यात्रेला पायी निघणारे लोक त्या शेकड्यानं सांगून ठेवायचे. आत्या आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, गळ्यातलं इष्टलिंग पदराआड सरकवून पहाटेच थापायला बसायच्या. त्या कामात त्यांना कुणी हाक मारलेली आवडायची नाही.

हे सगळं आधी सांगते, कारण मी जे केलं ते हे सगळं माहीत असताना केलं.

एके दिवशी पुण्याहून एक सल्लागार आला. तिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला, काखेत लॅपटॉप. अधीक्षक साहेबांनी मला बोलावलं आणि सांगितलं, आपण मोठा बॉयलर बसवतोय, भुश्शावर वीज करून सरकारला विकणार, आणि शिवाय परदेशातून पैसे मिळणार आहेत. त्याचे कागद इंग्रजीत आहेत. गावाची मीटिंग घेऊन ते मराठीत वाचून दाखवायला लागतात.

"परदेशातून कशाचे पैसे?" मी विचारलं.

सल्लागार समजावून सांगायच्या आनंदात होता. "कोळसा जाळून वीज केली की धूर होतो, मॅडम. तुमचा कारखाना बगॅसवर वीज करणार, म्हणजे तेवढा कोळसा जळायचा वाचला. जो धूर झालाच नाही त्याचं प्रमाणपत्र मिळतं. कार्बन क्रेडिट म्हणतात त्याला. युरोपातल्या कंपन्यांवर धुराची मर्यादा घातलीय. ती ओलांडली तर त्या ही प्रमाणपत्रं विकत घेतात."

"झालाच नाही तो धूर विकत घेतात?"

"टनाच्या भावानं. रोज बाजार असतो त्याचा, सोन्यासारखा."

किराणा दुकानदाराच्या घरातली बाई मी. भाव कशाला असतो आणि कशाला नसतो याची माझी काही समजूत होती. डोळ्यांना दिसत नाही, तराजूत पडत नाही, आणि मुळात घडलेलंच नाही, अशा वस्तूला भाव असतो हे ऐकून पायाखालची फरशी जरा सरकल्यासारखी वाटली.

घरी सांगितलं तर नवरा हसला. "मंग उद्यापासून मी बिडी सोडतो. बघ काही मिळतं का."

आत्या हसल्या नाहीत. भाकरीचं पीठ मळता मळता त्यांनी विचारलं, "पैशे देनाराला काय मिळतं मंग?"

"त्यांना तिकडं धूर करता येतो."

"म्हंजे धूर झालाच की गं," त्या म्हणाल्या, आणि परातीत पाण्याचा हबका मारला.

कागद साठेक पानांचे होते. मी आठ दिवस भाषांतर करत होते. मधल्या एका पानावर एक वाक्य होतं, की कारखान्याच्या परिसरात उरणाऱ्या बगॅसचा स्थानिक लोक काहीही उपयोग करत नाहीत, तो पडून कुजतो. मी ते दोनदा वाचलं आणि उठून सल्लागाराकडं गेले.

"सर, हे बरोबर नाही. आमच्या आळीत सगळ्या घरी हाच जाळतात. माझ्या घरी जाळतात."

"किती लागतो तुम्हाला?"

"आठवड्याला दोन पोती."

तो समजूतदारपणे हसला. "मॅडम, इथं हजारो टनांच्या गोष्टी चालल्यात. तुमची दोन पोती आमच्या कागदात दशांश चिन्हाच्या पलीकडं जातात. आणि ज्याचा वापर होत नाही त्याच बगॅसचं क्रेडिट मिळतं, असा नियम आहे. तिथं 'थोडाफार वापर' असं लिहिलं की शंभर प्रश्न येतात."

मी अधीक्षक साहेबांकडं पाहिलं. ते सही करता करता म्हणाले, "तुम्ही भाषांतर करा, बाई. खरंखोटं बघायला साहेब आहेत."

मी जागेवर आले. कार्यालयात सरकारी शब्दांचा एक जाड कोश होता. त्यात मला 'जैवभार' सापडला, 'अवशेष' सापडला, आणि मी वाक्य केलं: 'परिसरातील अतिरिक्त जैवभार अवशेषांचा सद्यःस्थितीत कोणताही स्थानिक वापर होत नसून ते विनावापर कुजत असतात.' लिहून झाल्यावर ते मला आवडलं. अधीक्षक साहेब म्हणाले, "वा, एकदम मंत्रालयातून आल्यासारखं." नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. ते कौतुक मी दिवसभर मनात घोळवत बसले. त्या वाक्याचा आमच्या पडवीतल्या थप्पीशी काही संबंध आहे, हे त्या दिवशी मला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. कळत होतं. पण कागदावर लिहिल्यानं पडवीतली पोती जातील, असं मात्र वाटलं नव्हतं. कागद परदेशात जाणार होता, आणि पोती इथंच राहणार होती.

मीटिंग शाळेच्या व्हरांड्यात झाली. कारखान्यानं पेढे आणि चहा ठेवला होता, त्यामुळं बायाही आल्या होत्या. आत्या पुढच्या रांगेत सतरंजीवर बसल्या. सून माईकवर बोलणार म्हणून त्यांनी ठेवणीतलं इरकली लुगडं नेसलं होतं. मी वाचत गेले. हवा शुद्ध राहणार, वीज होणार, पोरांना कामं मिळणार. ते वाक्यही मी वाचलं, सगळ्या वाक्यांच्या लयीत, न थांबता.

एकानं विचारलं, उसाला भाव वाढंल का. दुसऱ्यानं विचारलं, गावात लोडशेडिंग कमी होईल का. अधीक्षक साहेबांनी दोन्हीला "विचार चालू आहे" म्हणून सांगितलं. भुश्शाबद्दल कुणी विचारलं नाही, कारण भुस्सा हा शब्द माझ्या साठ पानांत एकदाही नव्हता. मग सह्या झाल्या. आत्या चौथी शिकलेल्या. अंगठा उठवणाऱ्या बायांमध्ये आपण सही करतो याचा त्यांना अभिमान होता. त्यांनी पेन घट्ट धरून, जीभ दाताखाली घेऊन, पूर्ण नाव लिहिलं.

नवा बॉयलर उभा राहायला दोन हंगाम गेले. या काळात कागदांचं मी विसरले. दसऱ्याला तिसऱ्या हंगामाची मोळी पडली, गाळप सुरू झालं, आणि तीन-चार दिवसांनी आत्या पोतं घेऊन फाटकाकडं गेल्या. मला सुट्टी होती. अर्ध्या तासात त्या परत आल्या. पोतं रिकामं, घडी करून काखेत. येऊन ओट्यावर बसल्या.

"काय झालं, आत्या?"

"फाटकाला तार ठोकलीय. भुस्सा इकलाय म्हनं."

"कुणाला?"

"इचारलं म्या. तो मेला वॉचमन खाली मुंडी घालून म्हनतो, मावशी, आता एक कण भाईर जाऊ द्यायचा न्हाई असा हुकूम हाय. मोजून जाळायचाय. कावून, तर त्याचे पैशे परदेशातून येत्यात." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "आमी पोतंभर नेला तर त्यांचा कोनता हिशोब बुडतो गं?"

ते वाक्य, त्यातला प्रत्येक शब्द, जोडाक्षरांसकट मला डोळ्यांपुढं दिसायला लागलं.

पुढच्या दोन महिन्यांत आमच्या आळीत जे झालं ते मी अगदी जवळून पाहिलं. सगळ्या घरांना एकदमच जळण शोधायची वेळ आली. वखारवाल्यानं आठ दिवसांत लाकडाचा भाव वाढवला. ज्यांना परवडेना त्यांच्या बाया ओढ्याकाठच्या वेड्या बाभळी तोडायला जायला लागल्या. हातांना काटे, पायांना काटे. आमच्याकडं गॅस होता, पण टाकी चहापाण्यासाठी आणि पाहुण्यांसाठी. चार महिने पुरवायचो. गॅस घेतला म्हणून रेशन कार्डावर शिक्का बसून रॉकेल आधीच बंद झालेलं. आता रोजचा स्वयंपाक आणि भाकरी गॅसवर आल्या आणि टाकी महिनाभरही टिकेना. त्यात टाकीचा भाव दर थोड्या दिवसांनी वाढतच होता. नवऱ्यानं आधी दुधाचा रतीब अर्धा केला. मग त्याचा मोठ्या बाजारातून मालाची खेप आणायचा दिवस महिन्यातून दोनदाचा एकदा झाला. त्यानं कधी आवाज चढवला नाही, फक्त जेवताना एकदा म्हणाला, "माय, ह्या वर्षी कपिलधारच्या भाकरी घेऊ नको." 

आत्यांनी ऐकलं नाही. तोवर लोकांनी सांगून ठेवलं होतं, आणि दिलेला शब्द त्या मोडत नसत. त्यांनी गॅसवर भाकरी केल्या. पण गॅसचा जाळ तव्याच्या मध्यावर मारतो. कडा ओलसर राहतात. वाळवायला शेगडीची ऊब नाही. त्या उन्हात वाळवून पाहिल्या, आणि नेमकं तेव्हा दोन दिवस ढगाळ गेले. भाकरी दिल्यावर पाच-सहा दिवसांनी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी, सगळे त्यांना अज्जा म्हणत, वाटेतून एकाच्या हाती निरोप पाठवला. निरोपासोबत एक गाठोडं होतं. आत आमच्याच भाकरी, कडांना हिरवी बुरशी आलेली.

निरोप्या म्हणाला, "अज्जांनी सांगितलंय, राग नका मानू. पर आवंदा काय झालं ते इचारून ये म्हनले."

आत्यांनी गाठोडं घेतलं, त्याला पाणी दिलं, "चुकलं म्हनावं आमचं" एवढंच म्हणाल्या. तीस वर्षांत त्यांची भाकरी कधी परत आली नव्हती. त्यांनी परात धुऊन फळीवर पालथी घातली. मी तिथंच उभी होते. आत्या, ते मी लिहिलंय, असं त्या क्षणी म्हणायला हवं होतं. म्हणाले नाही.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात सगळे जेवायला गेल्यावर मी फाईल काढली. ते पान काढलं. खाली माझ्या आद्याक्षरांची टाइपिस्टची खूण होती. मागच्या पुरवणीत सह्यांची यादी होती आणि तिच्यात आत्यांचं नाव, वळणदार. मी फाईल परत ठेवली.

जानेवारीत तपासनीस येणार असल्याचं कळलं. कारखान्यानं कागदात लिहिलंय ते खरं आहे का, हे बघणारा परक्या कंपनीचा माणूस. दक्षिणेकडचा होता, पन्नाशीचा, बारीक, पायात कॅनव्हासचे बूट. इंग्रजी बोलायचा, हिंदी मोडकीतोडकी. अधीक्षक साहेबांनी पाच शेतकरी तयार ठेवले होते आणि त्यांना काय बोलायचं ते सांगून ठेवलं होतं. दुभाषी म्हणून मला घेतलं. तपासनीसानं त्या पाचांचं ऐकलं, लिहून घेतलं, पेन खिशाला लावलं, आणि म्हणाला, आता मी जरा गावात फिरतो. कुठल्या घरी जायचं ते मी ठरवीन.

अधीक्षक साहेब हसत म्हणाले, "जरूर." त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

तो मारुतीच्या देवळावरून डावीकडं वळला, म्हणजे आमच्या आळीत. मी मनातल्या मनात देवाला म्हणत होते, याला पुढं जाऊ दे. तिसऱ्याच ओट्यावर आत्या शेंगा फोडत बसल्या होत्या. एकटी म्हातारी बाई दिसली म्हणून असेल, तो तिथंच थांबला.

"ह्या माझ्या सासूबाई," मी इंग्रजीत सांगून टाकलं. वाटलं, आपल्याच घरचं माणूस म्हणून तो पुढं जाईल. त्यानं उलट बूट काढले आणि ओट्याच्या कडेला बसला.

"विचारा त्यांना, स्वयंपाकाला काय जाळता?"

मी विचारलं. आत्या म्हणाल्या, "आता गॅस. पैल्यांदा भुस्सा. समद्या आळीतच भुस्सा जळायचा. कारखान्यानं बंद केला तवापासून लई हाल हायेत, म्हन त्यांना. भाकरीचं काम बी गेलं माझं."

अधीक्षक साहेब माझ्या डाव्या बाजूला उभे होते. त्यांनी घसा साफ केला.

मी इंग्रजीत म्हणाले, "पूर्वी निरनिराळं जळण वापरायचो, असं त्या म्हणतात. आता गॅस वापरतात."

तपासनीसानं लिहून घेतलं. अधीक्षक साहेबांचे खांदे सैल पडले. आत्यांनी हे सगळं पाहिलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण आपण एवढं बोललो आणि सून एवढंच बोलली, हे कळायला इंग्रजी लागत नाही.

"म्या म्हनलं ते समदं सांगितलंस का?"

मी तपासनीसाच्या वहीकडं बघितलं.

आत्या शेंगांचं सूप बाजूला सारून उठल्या. पडवीत गेल्या आणि जुन्या थप्पीतलं शेवटचं, ओल लागून जळेनासं झालेलं अर्धं पोतं पडून होतं, त्यातून मूठभर भुस्सा घेऊन आल्या. तपासनीसापुढं मूठ उघडली आणि आमच्याकडच्या हिंदीत बोलल्या, "साब, ये भुस्सा. ये जलाते थे हम. सब गल्ली में येइच जलता था. अब कारखाना नै देता."

त्यानं त्यांच्या तळहातावरचा भुस्सा दोन बोटांनी उचलला, चोळला, वास घेतला. मग माझ्याकडं वळून शांतपणे विचारलं, "हे बगॅस आहे ना?"

"हो," मी म्हणाले.

"त्या नेमकं काय म्हणाल्या होत्या?"

मग मी सगळं सांगितलं. तार, वखार, बाभळी, टाकी, बुरशी आलेल्या भाकरी. सांगताना माझा आवाज मला परका वाटत होता. तो लिहीत होता. लिहून झाल्यावर त्यानं पिशवीतून फाईल काढली, सह्यांचं पान उघडलं, आणि बोट ठेवलं. "ही यांची सही?"

आत्या वाकून बघत म्हणाल्या, "माझीच हाय."

"मग मीटिंगला हे वाक्य वाचून दाखवलं होतं का, विचारा त्यांना." त्यानं इंग्रजी वाक्यावर बोट ठेवलं. मला ते वाचायची गरज नव्हती. मी मराठी वाक्य तोंडपाठ म्हटलं, जसंच्या तसं.

आत्यांनी लक्ष देऊन ऐकलं. "हां, असलं कायतरी वाचलतंस तू. ध्यानात हाय माझ्या." मग विचारलं, "जैवभार म्हंजे काय गं?"

आळीत त्या वेळी कुणाच्या तरी घरी नळाचं पाणी सोडलं होतं. हंड्यात धार पडल्याचा आवाज येत होता. एवढंच मला आठवतं.

"भुस्सा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जसं आपल्या घरातल्या ओळखीच्या भिंतीला हात लावावा आणि तिथं भिंतच नसावी.

"तू वाचलंस तवा तुला ठावं होतं?"

"हो."

त्यांनी मूठ मिटली. पडवीत जाऊन भुस्सा पोत्यात परत टाकला आणि पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं. येऊन पुन्हा शेंगांपाशी बसल्या आणि म्हणाल्या, "पाव्हन्याला च्या ठेव."

मी आत गेले. गॅस पेटवायला चार काड्या लागल्या.

परत जाताना जीपमध्ये अधीक्षक साहेब समोर बघत म्हणाले, "घरच्याच माणसानं घात केला म्हणायचं." पुढच्या आठवड्यात मला वजनकाट्यावर पावत्या लिहायला पाठवलं. कॉम्प्युटरच्या खोलीत मी पुन्हा कधी गेले नाही.

घरात आत्या तीन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. चौथ्या दिवशी मी धुणं वाळत घालत होते, त्या शेजारी येऊन पिळे झटकायला लागल्या. म्हणाल्या, "तू लिव्हलंस ते लिव्हलंस. साहेबानं सांगितलं, तुझी नोकरी. त्याचं न्हाई मला एवढं. पर वाचताना तरी भुस्सा म्हनायचं हुतं. म्या उठून उभी राहिले असते."

मी दोरीला धरून रडले. त्यांनी रडू दिलं. त्या मला जवळ घेतील असं वाटलं होतं. त्यांनी घेतलं नाही. राहिलेले कपडे तेवढे त्यांनीच घातले.

तपासनीसाच्या अहवालाचं पुढं काय झालं ते तुकड्यातुकड्यांनी कळलं. कारखान्याला ते वाक्य बदलावं लागलं आणि गावासाठी काही भुस्सा राखून ठेवावा लागला. एक हंगाम कार्डावर महिन्याला दोन पोती मिळाली. पुढच्या हंगामाला कार्डं नव्यानं छापायची आहेत म्हणून सांगितलं, आणि ती छापलीच नाहीत. त्याऐवजी प्रत्येक घराला एक बिनधुराची चूल आली. तिच्यात लाकूडच लागायचं, आणि लाकडाचीच तर अडचण होती. बऱ्याच घरांत तिच्यात खुडूक कोंबड्या अंड्यांवर बसवल्या गेल्या.

पुढं बऱ्याच वर्षांनी, अधीक्षक साहेब निवृत्त झाल्यावर, मी आमच्या दुकानात बसले असताना भेटले. आता माझ्याशी बोलायला त्यांना काही अडचण नव्हती. म्हणाले, त्या प्रमाणपत्रांचा भाव पार कोसळला, बाई. शेवटी कुणी फुकट घेईना. मी विचारलं, मग आता भुस्सा मिळायला काय हरकत आहे? ते म्हणाले, "छे, विजेला भाव आहे ना." मी त्यांची साखर बांधून दिली. न झालेल्या धुराला भाव आला तेव्हा आमच्या शेगड्या विझल्या. भाव गेला तेव्हा कुणाची पेटली नाही.

आत्यांनी परात फळीवरून काढली नाही. त्या शेंगदाण्याची चटणी करायला लागल्या. "हिला जाळ थोडका लागतो, हात लई लागतो," म्हणायच्या. उखळात कुटून, पुड्या बांधून, दुकानात ठेवायच्या. ती चांगली चालली. कपिलधारचे लोक भाकरी दुसरीकडून घ्यायचे आणि चटणी आमच्याकडून.

मग एका वर्षी डोंगरावर पवनचक्क्या लावायला एक कंपनी आली. पुन्हा गावची मीटिंग, पुन्हा शाळेचा व्हरांडा, चहा, कागद. कंपनीचा तरुण मुलगा वाचायला उभा राहिला. मी मुद्दाम मागं, खांबाला टेकून बसले होते. त्यानं पहिलं कलम वाचलं आणि आत्या पुढच्या रांगेतून म्हणाल्या, "थांब बाबा. काय कळंना. तू बस. माझी सून वाचंल."

सगळ्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं. मी मानेनं नाही म्हटलं. आत्या वळल्या नाहीत, समोर बघतच म्हणाल्या, "ये गं म्होरं. तुला समजतं त्यातलं."

मी पुढं गेले आणि कागद हातात घेतला. पहिल्याच ओळीत 'भूभागाचा बिगर-अनन्य वापराधिकार' असं होतं. मी वाचलं आणि थांबले. मग सांगितलं, की चराऊ रान आपलंच राहील, पण तिथनं त्यांची वाट जाईल आणि ती आपल्याला अडवता येणार नाही. एक मेंढपाळ लगेच उठला. त्यानं विचारलं, मग मेंढरं कुठनं न्यायची. कंपनीच्या मुलाला ते ठाऊक नव्हतं. त्यानं वहीत लिहून घेतलं. मी पुढची ओळ वाचली आणि पुन्हा थांबले.

असं करत दुपार कलली. निम्मे लोक कंटाळून उठून गेले, चहा थंड झाला, आणि निम्मीही कलमं झाली नव्हती. आत्या मांडी न मोडता सतरंजीवर बसून होत्या. मध्येच त्यांनी हात वर केला आणि म्हणाल्या, "मगाचं ते दुसरं कलम पुन्यांदा सांग."

मी पान मागं उलटलं आणि सांगितलं.